आगीची आणि पाण्याची जोड

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात, इनामगावच्या आसपास घोड नदीच्या काठानं जी गावं आहेत, तिथं जत्रेचा पहिला दिवस देवाचा आणि दुसरा कुस्त्यांचा. ऊन कलायला लागलं की हलगी घुमते. खणून, ढेकळं फोडून मऊ केलेल्या मातीवर पाणी शिंपडलेलं असतं. सुरुवात होते बारक्या पोरांपासून. रेवड्यांवरची कुस्ती, नारळावरची कुस्ती, मग पन्नास रुपये, शंभर, पाचशे, असं इनाम चढत जातं. मला या सगळ्यात कुस्तीइतकंच, कधीकधी कुस्तीहून जास्त, जोड लावणं बघायला आवडतं.

जोड लावायला वजनकाटा नसतो. कमिटीतली दोन जाणती माणसं लंगोट लावलेल्या पोराचा दंड धरून त्याला आखाड्यात फिरवतात. "हाय का कोण याच्या जोडीचा?" दुसऱ्या बाजूनं एखादा पुढं होतो. दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतात. उंची बघतात, मनगट चिमटीत धरून हाडाचा अंदाज घेतात, मानेवरून हात फिरवतात, कारण उंचीनं सारखा दिसणारा पोरगा मानेनं दुप्पट भरू शकतो. कुठल्या तालमीतला, किती वर्षं मातीत आहे, हेही विचारून होतं. आणि बरेचदा गर्दीतनं आवाज येतो, "जोड जमत न्हाय, सोडा." पोरं वेगळी होतात. कुस्ती लागलीच नाही म्हणून कोणी कुरकुर करत नाही. न जमलेल्या जोडीची कुस्ती बघण्यात काही राम नाही, हे बांधावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही कळतं.

गेल्या जत्रेत माझा भाचा शेजारी बसला होता. वय बारा, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये मारामारीचा गेम. मधेच तो चिडून म्हणाला, "मामा, परत हरलो. माझा आगीचा होता, समोरचा पाण्याचा निघाला. आता यात मी काय करणार?" थोड्या वेळानं समोर एक जोड मोडली. पोरं वेगळी होताना त्यानं बघितली आणि विचारलं, "मग गेममध्ये जोड का बघत नाहीत?"

त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र सोडवेना, कारण तो पोराचा हट्ट नव्हता. लढतीचे गेम बनवणारे आणि ते स्पर्धेत खेळणारे लोक याच प्रश्नाशी कितीतरी वर्षं झुंजत आले आहेत.

आधी हा आगी-पाण्याचा प्रकार काय ते सांगतो. प्रत्येक गड्याला एक तत्त्व दिलेलं असतं, पोरं त्याला टाईप म्हणतात. पाणी आगीला भारी, आग झाडाला भारी, झाड पाण्याला भारी. हे वर्तुळ जगभरच्या पोरांच्या तोंडी बसवलं ते पोकेमॉननं. १९९६ साली जपानमध्ये तो गेम आला तेव्हा त्यात पंधरा टाईप होते, आज अठरा आहेत. हिशेब सोपा आहे. पाण्याचा फटका आगीच्या गड्याला दुप्पट लागतो आणि आगीचा फटका पाण्याच्या गड्याला निम्माच लागतो.

दुप्पट आणि निम्मा. ऐकायला फार वाटत नाही. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की चित्र बदलतं. धरा, दोन्ही गड्यांची ताकद शंभर आणि साधा फटका दहाचा. तत्त्व नसेल तर दोघांनाही जिंकायला दहा फटके लागतात. आता तत्त्व आणा. पाण्याच्या गड्याचा फटका वीसचा झाला, त्याला पाच फटके पुरतात. आगीच्या गड्याचा फटका पाचचा झाला, त्याला वीस लागतात. म्हणजे समोरच्याचे पाच बसायच्या आत ह्यानं वीस बसवायचे. आगीच्या बाजूला असा खेळाडू बसवा की जो दर पाच टकरींपैकी चार टकरी जिंकतो. हा फरक लहान नाही, वस्ताद आणि शागिर्द यांच्यातला आहे. तरीही हिशेब केला तर सामना जिंकण्याची त्याची शक्यता शेकडा ४६ येते. पाचात चार वेळा सरस ठरणारा माणूस शंभरातले चोपन्न सामने हरतो, आणि तेही बटण दाबायच्या आधी ठरलेल्या कारणानं.

मग गुणक लहान ठेवला तर? दुप्पट-निम्म्याऐवजी फक्त एक दशांशाचा फरक ठेवू. एकाचा फटका अकराचा, दुसऱ्याचा नऊचा. पहिल्याला दहा फटके लागतात, दुसऱ्याला बारा. दोघे खेळाडू अगदी तोलामोलाचे असले तर कमी पडणाऱ्या बाजूची शक्यता शेकडा ३३ वर येते. एवढासा फरक, पण तीनांतला एकच सामना हातात उरतो. तोच खेळाडू दहातल्या सहा टकरी जिंकण्याइतका सरस असेल तर मात्र त्याची शक्यता ६९ पर्यंत जाते. म्हणजे फरक छोटा असेल तर कसब त्यावर मात करू शकतं, दुप्पट असेल तर कसबाला फारशी जागा उरत नाही.

हे वर्तुळ आलं कुठून, याचाही शोध घेण्यासारखा आहे. चिनी परंपरेत पाच तत्त्वांचं चक्र आहे. पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातू लाकूड तोडतो, लाकूड मुळं घालून माती फोडतं आणि माती पाण्याला बांध घालते. तेच चक्र जपानमध्येही रुजलं. तिथं वाढलेल्या माणसाला तत्त्वं एकमेकांवर मात करताना दिसली तर त्यात नवल नाही. आपल्याकडची पंचमहाभूतं तशी नाहीत. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही एकमेकांना हरवायला निघालेली नाहीत, ती मिळून शरीर घडवतात. शरीर गेलं की पाचही आपापल्या ठिकाणी परत जातात.

इनामगावात बसून हा विचार केला की नदीकाठच्या त्या टेकाडांची आठवण होते, जिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या संशोधकांनी तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनची शेतकऱ्यांची वस्ती उघडी केली. त्या लोकांनी पुराचं पाणी अडवायला बांध घातला होता आणि पाटानं पाणी फिरवलं होतं. माती पाण्याला भारी, हे त्यांनी करून पाहिलेलं होतं. पण त्याच वस्तीत कुंभाराची भट्टीही सापडली, आणि जोर्वे पद्धतीची ती लाल, वर काळ्या रंगानं नक्षी काढलेली भांडी, जी इतकी चांगली भाजलेली आहेत की टिचकी मारली तर खणकन वाजतात. त्या भांड्यात माती आहे, पाणी आहे, आग आहे, आणि कोणी कोणाला हरवलं हा प्रश्नच तिथं गैरलागू आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं. "पाणी आगीला भारी" हा निसर्गाचा अटळ नियम म्हणून गेममध्ये येतो, पण तो नियम नाही, ती एक निवड आहे. ओंजळभर पाणी वणव्यावर टाकून बघा. भारी कोण, हे किती, कुठं आणि कोणत्या क्षणी यावर ठरतं.

आता कोणी म्हणेल, मग पोकेमॉन एवढा चांगला खेळ कसा? त्यात तर दुप्पट-निम्मं आहे. खेळ चांगलाच आहे, आणि कसा ते आपल्या मेंढीकोटानं कळतं. हुकूम बदाम असेल तर बदामाची दुर्री इस्पिकाच्या एक्क्याला मारते. याहून मोठा अन्याय कोणता? पण मेंढीकोट खेळताना कोणालाही तो अन्याय वाटत नाही. कारण हातात तेरा पानं असतात. एक्का मारला गेला तर बारा उरतात, हुकूम कधी काढायचा आणि कधी दाबून ठेवायचा हेच तर खेळाचं मर्म. भिडूकडं किती हुकूम असतील याचा अंदाज करत उतारी करायची, दहिल्या वाचवायच्या, समोरच्याच्या पळवायच्या. पोकेमॉनच्या संघात सहा गडी असतात आणि लढत चालू असताना गडी बदलता येतो. समोर पाणी आलं तर आगीचा गडी मागं घ्यायचा, झाडाचा पुढं काढायचा. आणि समोरच्याला हे कळतं म्हणून तो आधीच दुसरं काही करून ठेवतो. तिथं तत्त्व हे पान आहे. सहा पानांचा डाव आहे.

मारामारीच्या गेममध्ये बहुधा एकच गडी असतो. कुस्तीसारखाच. एका पानाच्या डावात हुकूम आला तर खेळ उरत नाही, नुसती सोडत उरते.

निसर्गातही हेच दिसतं. कॅलिफोर्नियात एक छोटा सरडा आहे, त्याच्या नरांचे गळे तीन रंगांचे असतात. नारिंगी गळ्याचे दांडगे नर निळ्यांना हुसकावतात. निळे आपल्या माद्यांची राखण करून पिवळ्यांना हरवतात. पिवळे मादीसारखे दिसून नारिंगी नरांच्या हद्दीत गुपचूप शिरतात. १९९६ मध्ये बॅरी सिनर्वो आणि कर्टिस लाइव्हली यांनी हे मांडलं, तेव्हा सगळ्या जगाला दगड-कागद-कात्री आठवली. त्या सरड्यांत वर्षागणिक एका रंगाची चलती होते, मग दुसऱ्याची. वर्तुळ फिरतं म्हणून तिन्ही रंग टिकतात. पण ते न्याय्य आहे संपूर्ण कळपासाठी, पिढ्यांच्या हिशेबात. नारिंग्याच्या तावडीत सापडलेल्या एकट्या निळ्याला त्याचं काय?

आता कुस्तीकडं येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथं आहे. कुस्तीत वर्तुळ नाही असं नाही. कुस्ती वर्तुळानंच भरलेली आहे. प्रत्येक डावाला तोड असते आणि तोडीलाही तोड असते. वस्ताद पोराला डाव शिकवतो तेव्हा त्याच बैठकीत तोडही शिकवतो.

एक साधं उदाहरण जवळून बघू. खडाखडी चालली आहे, दोघांचे हात एकमेकांच्या मानेवर. एकानं झटकन खाली बसून समोरच्याचा पाय धरला, म्हणजे एकेरी पट काढायला गेला. समोरचा ताठ उभा राहिला तर गेला. पण त्यानं दोन्ही पाय मागं फेकले आणि छातीचा सगळा भार पट काढणाराच्या मानेवर टाकला, तर पट काढणारा मातीत चेपला जातो आणि वरचा फिरून पाठीवर कब्जा घेतो. म्हणजे भार पटाला भारी. आता पहिला शहाणा होतो. तो पटाची नुसती हूल देतो. गुडघा वाकवतो, खांदा पाडतो, पण जात नाही. समोरच्यानं पाय मागं फेकले, त्याचं अंग पुढं झुकलं, की मानेला हिसका देऊन त्याला तोंडावर पाडता येतं. म्हणजे हूल भाराला भारी. आणि हुलीला न भुलता जो जागच्या जागी राहिला, त्याला काय मिळतं? हूल देणारा अर्धवट वाकलेला, पाय पुढं, तोल धड इकडं ना तिकडं. त्याचाच पट निघतो. पट हुलीला भारी.

पट, भार, हूल. आग, पाणी, झाड यांच्यासारखंच तिघांचं वर्तुळ आहे. फरक एवढाच की हे तिन्ही दोन्ही गड्यांच्या अंगात आहेत. कुस्ती लागण्याआधी कोणीही पटाचा गडी किंवा भाराचा गडी म्हणून जन्मलेला नसतो. कोण कधी काय करणार हे त्या पावसेकंदात ठरतं. तिथं अंदाज लागतो, नजर लागते, हिंमत लागते, आणि दहा हजार वेळा तीच हालचाल केलेलं अंग लागतं. या क्षणाला मी कुस्तीचा गाभा मानतो. तोड डावाला असावी, गड्याला नसावी.

लढतीच्या गेमांनी हा गाभा फार लवकर ओळखला. १९९३ च्या व्हर्च्युआ फायटरमध्ये मार, बचाव आणि पकड यांचं नातं असंच आहे. बचाव माराला थोपवतो, पकड बचाव फोडते, आणि पकडायला पुढं येणाराला मार बसतो. डेड ऑर अलाइव्ह या गेमनं तर मार, फेक आणि परतवार असा त्रिकोणच करून ठेवला. पण सगळ्यात बोलका दाखला खुद्द पोकेमॉनच्या घरातला आहे. बांदाई नामको या कंपनीनं २०१५ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये पोक्केन टूर्नामेंट नावाचा लढतीचा गेम आणला, पुढच्या वर्षी तो घरच्या गेमयंत्रावरही आला. त्यात विजेचा पिकाचू आहे, आगीचा ब्लेझिकेन आहे, पाण्याचा स्विकून आहे, झाडाचा सेप्टाइल आहे. आणि यांच्यात टाईपचा फायदा नाही. दुप्पट नाही, निम्मं नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध टाईप-वर्तुळाचे वारसदार लढतीच्या आखाड्यात उतरवायची वेळ आली तेव्हा बनवणाऱ्यांनी ते वर्तुळ बाहेर ठेवलं आणि त्याच्या जागी हल्ल्यांचा त्रिकोण बसवला. साधा वार पकडीला भारी, पकड परतवाराला भारी, परतवार साध्या वाराला भारी. आग आणि पाणी दिसायला राहिलं, रंगात, ठिणग्यांत, फवाऱ्यांत. निकालातून ते गेलं.

उलटा प्रयोगही झालेला आहे. २००८ च्या सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल या गेममध्ये पोकेमॉन ट्रेनर नावाच्या पात्राचे तीन गडी होते, पाण्याचा स्क्वर्टल, झाडाचा आयव्हिसॉर, आगीचा चॅरिझार्ड. त्यांना तत्त्वाप्रमाणे थोडा फायदा-तोटा दिलेला होता. गोम अशी की त्या गेममध्ये आगीचे फटके मारणारी पात्रं भरपूर होती आणि पाण्याचे फटके जवळपास कोणाकडंच नव्हते. त्यामुळं आयव्हिसॉरला त्याच्या कमजोरीचा भुर्दंड पदोपदी बसायचा, आणि चॅरिझार्डची कमजोरी कागदावरच राहायची. वर्तुळ गोल असेल तरच न्याय्य. ते कुठं जाड, कुठं बारीक झालं की नुसता पक्षपात उरतो. याच मालिकेतल्या २०१८ च्या अल्टिमेटमध्ये तेच तीन गडी परत आले तेव्हा हा नियम काढून टाकलेला होता.

इथं जाणकार वाचक मला अडवेल. म्हणेल, टाईप काढले तरी सगळे गडी सारखे कुठं असतात? खरं आहे. १९९१ च्या स्ट्रीट फायटर दोनमध्ये झांगिएफ नावाचा रशियन पैलवान आहे. जवळ आला तर एका पकडीत समोरच्याची हाडं खिळखिळी करतो. पण त्याला जवळ यावं लागतं. समोर गाइल असेल तर तो लांबूनच सोनिक बूम फेकत राहतो, धालसिम असेल तर हातपाय रबरासारखे लांबवून त्याला अंगाला भिडू देत नाही. खेळणारे लोक अशा जोड्यांचे तक्ते मांडतात. ही जोड सहा-चारची, ती सात-तीनची, म्हणजे दहा सामन्यांत कोण किती जिंकेल त्याचा अंदाज. झांगिएफच्या वाट्याला सात-तीनच्या वाईट जोड्या बऱ्याच येतात. मग हा टाईपच झाला की नाही?

माझ्या मते नाही. टाईपचा तोटा गुणाकारात असतो, झांगिएफचा तोटा अंतरात असतो. अंतर ही खेळून कापता येणारी गोष्ट आहे. झांगिएफची एक गरगर फिरण्याची चाल आहे. ती बरोबर वेळेला मारली तर वरच्या अंगाला येणारे गोळे त्याला लागत नाहीत, आणि तेवढ्यात तो दोन पावलं पुढं सरकतो. गोळा कधी सुटणार याचा अंदाज लागला तर उडी मारून तो थेट पोचतो. रस्ता अवघड आहे, पण रस्ता आहे. आगीचा गडी कितीही उत्तम खेळला तरी त्याचा फटका निम्माच लागणार, तिथं रस्ताच नाही. बुटका पैलवान उंचाशी लढताना जे करतो, आत घुसून कमरेला भिडतो, तेच झांगिएफ करतो. बुटकेपणा हा शाप म्हणून त्याच्या कपाळी लिहिलेला नसतो.

महाराष्ट्रात तत्त्वाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे माती आणि गादी. हा भेद खरा आहे, कल्पनेतला नाही. तालमीची माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मुरवलेली असते. ती पाय रुतवून घेते, वेग मंदावते, घामानं अंग निसटायला लागलं की मूठभर माती चोळून पकड पक्की करता येते. पारंपरिक कुस्ती चितपटीवर संपते, म्हणून दमसास आणि कब्जा मोलाचा. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मधे तीस सेकंद. तिथं पायांचा वेग आणि गुणांचा हिशेब चालतो. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मातीत घडलेला हा माणूस गादीवर नवखा होता. सहावे आले. चार वर्षं त्या पृष्ठभागाची सवय करत राहिले आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. त्याआधीची गोष्ट गामा पैलवानाची. १९१० मध्ये लंडनला पोलंडचा झबिश्को गादीवर पालथा पडून राहिला, अडीच तासांवर गेलेली कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ ला पतियाळात तीच जोड आखाड्यात लागली आणि मिनिटही लागलं नाही, गामानं त्याला आसमान दाखवलं.

म्हणजे मातीचा गडी मातीत भारी आणि गादीचा गादीवर? अंशतः तसंच. पण महाराष्ट्र केसरीची रचना बघा. १९६१ पासून चालत आलेल्या या किताबासाठी आज माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटच्या लढतीत समोरासमोर येतात. दोन तत्त्वांची जोडच लावलेली असते. जानेवारी २०२३ ला पुण्यात गादीचा शिवराज राक्षे आणि मातीचा महेंद्र गायकवाड भिडले, राक्षेनं मिनिटाच्या आत कुस्ती चितपट केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला गादीकडून पुन्हा शिवराज राक्षे आणि मातीकडून सिकंदर शेख. तिथं सिकंदरनं काही सेकंदांत राक्षेची पाठ लावली. जानेवारीत गादी भारी, नोव्हेंबरात माती भारी. तत्त्वाचा गुणक असता तर दोन्ही वेळा एकच निकाल यायला हवा होता. आलेला फरक माणसांचा होता, डावाचा होता, त्या घटकेचा होता. म्हणून तर लोक लांबून ट्रक-जीप करून ही कुस्ती बघायला जातात.

ज्या फरकावर कसबानं मात करता येत नाही, तो मात्र कुस्तीनं निर्दयपणे बाहेर काढला. वजन. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये आज ऑलिम्पिकला सहा गट आहेत, ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोच्या गटात शंभर ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नव्हतं, आणि तो नियम एवढा कडक असावा का यावर मी आजही भांडेन. पण नियम कशापोटी आला ते विसरता येत नाही. माणूस उभा राहायच्या आधीच निकाल लागू नये, यापोटी. जत्रेतली जाणती माणसं चिमटीत मनगट धरतात ते याचसाठी.

तत्त्वं लढतीच्या गेममध्ये कधीच नकोत, असं मात्र मी म्हणणार नाही. जिथं एका बाजूला अनेक गडी आहेत तिथं ती खुशाल असावीत. १९९४ पासून किंग ऑफ फायटर्समध्ये तीन विरुद्ध तीन असा सामना असतो, आणि कोण आधी उतरणार हे खेळाडू ठरवतो. तिथं आग-पाणी-झाड आणलं तर क्रम लावणं हाच एक डाव होईल. समोरचा पाणी आधी काढेल, म्हणून मी झाड आधी काढतो, पण त्याला हे कळलं असेल तर? हे हूल देण्यासारखंच आहे. तालीम विरुद्ध तालीम अशा सामन्यात वस्ताद कोणाला कधी उतरवायचं याचा विचार करतातच. एकेरी लढतीतही स्पर्धा घेणाऱ्यांनी उपाय काढलेले आहेत. पहिल्या सामन्याला दोघांनी आपापला गडी गुपचूप पंचाच्या कानात सांगायचा, म्हणजे कोणी समोरचं बघून निवडू शकत नाही. जिंकणाराला गडी बदलता येत नाही, हरणाराला येतो. हा नियम मला फार आवडतो. जोड बिघडली तर ती सुधारायचा हक्क आधी हरलेल्याला.

भारत सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली मान्यता दिली, आणि २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटरला पदक होतं. म्हणजे माझ्या भाच्याचा खेळ आता पोरखेळ राहिलेला नाही. मग त्यालाही जोड जमली का हे विचारायचा तेवढाच अधिकार आहे, जेवढा आखाड्याच्या कडेला बसलेल्या आज्याला.

मी हे सगळं त्याला सांगितलं ते जत्रेहून घरी आल्यावर, ओट्यावर बसून. त्यानं निम्मंच ऐकलं असावं. मोबाईल बाजूला ठेवून म्हणाला, "ते पट आणि भार काय ते दाखव की." अंगणात उतरलो. त्यानं माझा पाय धरायला उडी घेतली, मी पाय मागं फेकून त्याच्या पाठीवर भार दिला. तो हसत उठला, गुडघे झटकले. पुन्हा आला, पुन्हा चेपला गेला. तिसऱ्या वेळी त्याचा खांदा पडला, गुडघा वाकला, मी पाय मागं फेकले, आणि तो आलाच नव्हता.